शेडमधले एक्स्चेंज

सातपूरला त्र्यंबक रस्त्यावरून वसाहतीत वळले की आधी मोठ्या भिंती लागतात. महिंद्र, सिएट आणि बॉश. या शेवटच्या कारखान्याला जुने कामगार आजही मायकोच म्हणतात. भिंती संपल्या की लहान शेड सुरू होतात. कोणी मोठ्यांसाठी ब्रॅकेट दाबून देतो, कोणी स्प्रिंगा करतो, कोणी नुसते उष्णोपचाराचे काम घेतो. अशा शेडच्या ऑफिसात, देवाच्या तसबिरीखाली किंवा मीटरच्या बोर्डाशेजारी, मळक्या पांढऱ्या रंगाचा एक डबा भिंतीला ठोकलेला असतो. कागदोपत्री त्याचे नाव ईपीएबीएक्स. या अक्षरांचे पूर्ण रूप मला आजवर कोणी विचारलेले नाही. सगळ्यांच्या लेखी तो 'इंटरकॉमचा डबा'.

हे डबे दुरुस्त करणे हा माझा बरीच वर्षे व्यवसाय आहे. बाहेरून येणाऱ्या दोन-चार लाइनी आणि आतले आठ, सोळा किंवा चोवीस फोन यांच्यामध्ये बसून कोणाला कोणाशी जोडायचे ते डबा ठरवतो. वळवाच्या पावसात एखादी वीज लाइनीवरून आत शिरली की त्याचे कार्ड जळते. पूर्वी कार्ड बदलून मिळे. आता ते मॉडेलच बंद झालेले असते, आणि 'पूर्ण डबा बदला' एवढेच उत्तर येते. गेल्या काही वर्षांत अशा काही ठिकाणी डब्याच्या जागी पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक बसला आहे. ज्या शेडमालकाने तो पहिल्यांदा पाहिला त्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न केला, एवढ्याशा वस्तूवर सगळे फोन चालतील?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला उलटा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटू लागला. एक्स्चेंज मुळात एवढे मोठे होते ते कशासाठी?

मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले तेव्हा मध्ये माणूस होता. त्याने हाताने एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडायची. १८९१ मध्ये अमेरिकेतील आल्मन स्ट्राउजर याने आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. हा गृहस्थ व्यवसायाने अंत्यविधीची व्यवस्था करणारा. गावातली ऑपरेटर आपल्याकडे येणारे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता आणि त्यातून हे यंत्र जन्मले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तिच्यात टेलिफोनविद्येचे मर्म आहे. जो मध्ये बसतो त्याच्या हाती बरेच काही असते.

स्ट्राउजरच्या यंत्रात आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांत प्रत्येक संभाषणाला एक खरीखुरी धातूची वाट लागत असे. बोलणे संपेपर्यंत ती वाट अडवलेली. शंभर माणसे एकदम बोलणार तर शंभर वाटा. म्हणून खोल्याच्या खोल्या भरून स्विच, त्यांना थंड ठेवायला वातानुकूलन आणि त्यांची निगा राखायला माणसांची फौज. एक्स्चेंजचा आकार हा बोलण्याचा आकार नव्हता, तो वाटांचा होता.

भारतात हा आकार पहिल्यांदा कोणी जाणीवपूर्वक आवळला असेल तर सी-डॉटने. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये ही संस्था उभी राहिली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, हे तिचे गणित तेव्हा गाजले होते. तिथल्या तरुण अभियंत्यांनी ग्रामीण भागासाठी १२८ पोर्टांचे छोटे एक्स्चेंज बनवले. त्याची खरी करामत पोर्टांच्या संख्येत नव्हती. धूळ, उकाडा आणि लहरी वीज गृहीत धरून ते बनवले होते, त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. त्यातले पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झाले. आपल्या परिस्थितीला साधे यंत्र चालेल की नाही, हा सातपूरच्या शेडमालकाला पडलेला प्रश्न कित्तूरला एकदा सुटून गेलेला आहे.

आता बोलण्याच्या खऱ्या आकाराकडे येऊ. टेलिफोनच्या नेहमीच्या पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी एका बाइटमध्ये लिहिली जाते. इंटरनेटच्या पद्धतीने पाठवताना या मोजण्या २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधतात. म्हणजे एका पाकिटात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ता-ठिकाण. अशी सेकंदाला ५० पाकिटे. गुणाकार केला तर एका बाजूचे बोलणे सेकंदाला १०,००० बाइट, मिनिटाला सहा लाख. मोबाइलवर येणारा सहा एमबीचा दिवाळी-शुभेच्छांचा व्हिडिओ म्हणजे एका माणसाचे दहा मिनिटांचे बोलणे. शुभेच्छा महाग पडतात त्या अशा.

२०१२ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय नावाचा ३५ डॉलरचा संगणक ब्रिटनमध्ये विक्रीला आला. हेतू होता शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे हा. त्याची स्मृती २५६ एमबी आणि प्रोसेसरचा वेग ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सत्तर कोटी ठोके. शेडमध्ये एका वेळी दहा संभाषणे चालू आहेत असे धरा. इतकी क्वचितच असतात. प्रत्येक संभाषणात दोन्हीकडून मिळून सेकंदाला १०० पाकिटे आत येतात आणि १०० बाहेर जातात. दहांची मिळून २,०००. सत्तर कोटींना दोन हजारांनी भागा. एका पाकिटाच्या वाट्याला साडेतीन लाख ठोके येतात. पाकीट घ्यायचे, पत्ता वाचायचा, नवा पत्ता घालून पुढे ढकलायचे, एवढ्याच कामाला. संगणकाला इतरही उद्योग असतात आणि प्रत्येक ठोका सत्कारणी लागतो असे नाही, हे मान्य करूनही हिशेब प्रचंड सैल आहे. पुढे आलेल्या पायमध्ये तर तो आणखी सैल झाला.

शिवाय पुष्कळदा एवढेही काम पडत नाही. इंटरनेट-फोनमध्ये जोडणी आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडणीची बोलभाषा सिप नावाने ओळखली जाते. १९९९ मध्ये ती पहिल्यांदा प्रमाणित झाली आणि २००२ मध्ये तिला आजचे रूप आले. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे तिचे काम चालते. इकडची माहिती तिकडे, तिकडची होकार-नकाराची वार्ता इकडे. दोन्हीकडून पसंती आली की मध्यस्थ बाजूला होतो, पुढचा संसार त्या दोघांचा. दोन फोन एकाच शेडमध्ये असतील आणि तशी मांडणी केली असेल, तर आवाजाची पाकिटे एक्स्चेंजला न शिवता थेट एकमेकांकडे जातात.

मध्यस्थाचे हे काम करणारे जे सॉफ्टवेअर सर्वात जास्त पसरले त्याचे नाव अ‍ॅस्टेरिस्क, म्हणजे तारांकन. मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९९ मध्ये लिनक्सविषयी सल्ला देणारी छोटी कंपनी काढली. तिला फोनची यंत्रणा हवी होती आणि विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्याने ती लिहिली आणि सर्वांसाठी मुक्त ठेवली. त्याच सुमारास जिम डिक्सन हा अभियंता एक आडमुठा वाटणारा विचार मांडत होता. टेलिफोनच्या कार्डावर महागड्या खास चिपा कशाला, साध्या संगणकाचा प्रोसेसरच ते काम करील. आपल्या प्रकल्पाला त्याने मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाटा याचे नाव दिले. मराठी कानाला ते नाव आपसूकच अर्थपूर्ण वाटते. या दोघांचे काम एकत्र आले आणि लाखांच्या यंत्राची किंमत एका संगणकावर आणि एका कार्डावर आली.

त्यानंतर लोकांनी ते किती लहान यंत्रावर चालते ते पाहण्याचा सपाटा लावला. घरातल्या इंटरनेटच्या राउटरवर, ज्याची स्मृती जेमतेम १६ एमबी, तिथेही कोणी ते चालवले. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड रो यांनी चार लाइनींचे, हातात मावणारे एक्स्चेंज बनवून त्याचा आराखडा खुला केला. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या व्हिलेज टेल्को प्रकल्पासाठी वस्तीतले फोन एकमेकांना जोडणारे उपकरणही त्यांच्या सहभागाने झाले. आपल्याकडे छत्तीसगडमध्ये २०१० पासून सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वर' या उपक्रमात गोंडी बोलणारी माणसे साध्या मोबाइलवरून आपली बातमी सांगत आणि इतरांची ऐकत. ज्यांची भाषा कोणत्याही वृत्तपत्रात नव्हती त्यांचा आवाज साठवण्याचे आणि ऐकवण्याचे काम त्या व्यवस्थेत अ‍ॅस्टेरिस्कच करीत होते.

इथवर सगळे गोड आहे. माझ्या धंद्यात मात्र मी गोड भागाचे पैसे घेत नाही. छोटा संगणक बोलण्याच्या ओझ्याने दमत नाही, तो कडेच्या गोष्टींनी अडतो. त्या गोष्टी जाहिरातीत नसतात.

पहिली कड तारेची. जुन्या फोनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट लागतात आणि घंटा वाजवायला त्याहून बरेच जास्त. पाच व्होल्टवर जगणारा संगणक ते कुठून देणार? म्हणून जुने फोन ठेवायचे तर मध्ये अ‍ॅडाप्टर लागतो, आणि बाहेरची तांब्याची लाइन आत घ्यायची तर गेटवे लागतो. या दोन वस्तूंची किंमत संगणकाहून सहज जास्त होते. रिसीव्हर उचलल्यावर येणारा डायल टोनही आता अ‍ॅडाप्टर स्वतःच वाजवतो. पूर्वी तो आवाज म्हणजे एक्स्चेंज जिवंत असल्याची खूण होती. आता तो बिनदिक्कत वाजत असतो आणि मागे संगणक बंद पडलेला असू शकतो. जुन्या फोरमनला हे समजावणे मला फार कठीण जाते, आणि त्यात चूक त्यांची नाही.

दुसरी कड घड्याळाची. रास्पबेरी पायच्या बहुतेक पिढ्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. इंटरनेटवरून वेळ विचारून घ्यायची, असा त्याचा शिरस्ता. वीज गेली आणि परत आली, पण इंटरनेट आले नाही, तर तो शेवटची लिहून ठेवलेली वेळ खरी धरून पुढे चालू लागतो. एका शेडमध्ये संध्याकाळी सहानंतरचे फोन ऑफिसऐवजी गेटवर जावेत असा नियम होता. दुपारी तीन तास वीज नव्हती. त्या रात्री नऊ वाजेपर्यंत बाहेरचे सगळे फोन कुलूप लावलेल्या ऑफिसात वाजत राहिले, कारण एक्स्चेंजच्या लेखी अजून सहा वाजायचे होते. एक लहानशी घड्याळाची चिप आणि गोल बॅटरी बसवली की हा प्रश्न संपतो. पण तो उद्भवेल हे आधी सुचावे लागते.

तिसरी कड स्मृतिकार्डाची. पायचे सगळे सॉफ्टवेअर नखाएवढ्या कार्डावर असते. प्रत्येक फोनची नोंद त्यावर पुन्हा पुन्हा लिहिली की कार्ड झिजते, आणि लिहितानाच वीज गेली तर बिघडते. रोजच्या नोंदी तात्पुरत्या स्मृतीत ठेवाव्या आणि संभाषणे ध्वनिमुद्रित करायची असतील तर वेगळी डिस्क लावावी, हा त्यावरचा उपाय. या दुबळेपणाला दुसरी बाजूही आहे. सगळ्या एक्स्चेंजची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढून टेबलाच्या खणात ठेवता येते. जुना डबा जळला की आठवडा जाई. इथे कार्ड बदलायला दोन मिनिटे लागतात.

सेटिंगसाठी जी देखणी वेबपाने मिळतात ती बोलण्यापेक्षा जड असतात, हेही सांगायला हवे. २५६ एमबीच्या पायवर फोन सुरळीत चालतात आणि त्यांचे व्यवस्थापनाचे पान उघडताना तो धापा टाकतो. मी लहान शेडमध्ये ती पाने बसवतच नाही. २०२१-२२ मध्ये चिपांच्या टंचाईत पाय मिळेनासा झाला तेव्हा ऑफिसातून निवृत्त झालेल्या जुन्या संगणकांनी हेच काम उत्तम केले. फरक विजेचा. पाय साडेतीन वॉट घेतो असे धरले तर महिन्याला अडीच युनिट. शंभर वॉट ओढणारा जुना संगणक बहात्तर युनिट खातो.

शेडबाहेर पाऊल टाकले की पत्त्यांचा घोळ सुरू होतो. जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणाऱ्या कोणी पत्रात लिहिले की 'उत्तर माडीवरच्या तिसऱ्या खोलीत पाठवा', तर पोस्टमनला काय कळणार? पाकिटावर वाड्याचा पत्ता हवा. सिपमध्ये नेमके हेच होते. पाकिटावर राउटरने घातलेला बाहेरचा पत्ता असतो आणि आतल्या मजकुरात फोनने लिहिलेला घरातला. परिणाम असा की घंटा वाजते, फोन उचलला जातो, आणि एकाला दुसऱ्याचे ऐकू येते, दुसऱ्याला पहिल्याचे नाही. एकतर्फी आवाजाची तक्रार आली की मी संगणकाकडे पाहतही नाही, थेट राउटरकडे जातो.

आणि दार उघडे ठेवले तर चोर येतोच. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सिप-एक्स्चेंजांचा शोध घेणारे प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात. १०१ या फोनचा पासवर्डही १०१ असेल, तर एका रात्रीत तुमच्या लाइनीवरून परदेशी महागडे फोन होतात आणि बिल तुमच्या नावावर. बाहेरून जोडणीची गरज नसेल तर दार बंदच ठेवावे. सातपूरच्या शेडला बहुधा गरज नसते.

कायद्याची कड सर्वांत नाजूक. १८८५ च्या तार अधिनियमाने या देशात संदेशवहन उभारण्याचा विशेषाधिकार सरकारकडे ठेवला आणि परवाना घेणाऱ्यालाच ती मुभा दिली. त्या जागी आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला आहे. आपल्या आवारातले फोन एकमेकांना जोडणे वेगळे, आणि इंटरनेटवरून आलेला परक्याचा फोन सार्वजनिक जाळ्यात सोडणे वेगळे. संगणकात डझनभर सिमकार्डे खोचून परदेशी फोन स्थानिक म्हणून वाटणारी बेकायदा एक्स्चेंजे याच तंत्राने चालतात. २०१७ मध्ये लातूर भागात दहशतवादविरोधी पथकाने अशांवर छापे घातले होते. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट-टेलिफोनीची वाट मोकळी झाली आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियम बरेच सैल झाले. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो. बाहेरची लाइन परवाना असलेल्या कंपनीकडून, तुमच्या नावावर, रीतसर घ्या. आतले काहीही आपण करू. 'सिम लावून स्वस्तात करून देतो' म्हणणारा आला तर त्याला चहाही देऊ नका.

इतके सगळे असताना छोटा संगणक कशाला, असे कोणी विचारील. हातात मोबाइल आहेत की! पण पत्र्याच्या शेडमध्ये आत रेंज पडते-उठते, आणि प्रेसवर किंवा भट्टीवर काम करणाऱ्याने मोबाइल जवळ ठेवू नये असा पुष्कळ ठिकाणी नियम आहे, तो रास्तही आहे. भट्टीवरच्या माणसाला पॅनेल-रूममधल्या माणसाला 'बंद कर' सांगायचे असते तेव्हा भिंतीवरचा फोन लागतो. तो लागला नाही तर काय होते हे वसाहतीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

इथे जुन्या तांब्याच्या फोनचा एक गुण हरवला आहे. त्याला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवरूनच मिळे; परिसर अंधारात असताना तो बोलत असे. नव्या मांडणीत संगणक, राउटर, स्विच, अ‍ॅडाप्टर यांपैकी एकाची वीज गेली की साखळी तुटते. चौघांनाही एकाच यूपीएसवर घेणे हा खर्च मी ऐच्छिक मानत नाही. त्याला नकार देणाऱ्याचे काम मी नम्रपणे सोडून दिले आहे.

माझ्या मते या यंत्राची खरी किंमत त्याच्या नियमांच्या फाइलीत आहे. जुन्या डब्याचे प्रोग्रॅमिंग फोनवर चांदणी-चौकट दाबून, कोणाच्या तरी वहीतल्या संकेतांनी होई, आणि ती वही विकणाऱ्याकडे असे. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये ते साध्या मजकुरात लिहिलेले असते. १०१ फिरवला तर गेटवरचा फोन २० सेकंद वाजव. उचलला नाही तर सुपरवायझरकडे पाठव. तोही नसेल तर मालकाच्या मोबाइलवर. स्ट्राउजरला ऑपरेटरच्या मनात काय आहे ते वाचता आले नव्हते. हे वाचता येते. भाषा इंग्रजी असते आणि विरामचिन्हे त्रासदायक, तरी आयटीआयमधून आलेल्या पोराला दोन दुपारींत समजते. धोका असा की ते त्या एकाच पोराला समजते आणि वर्षभराने तो पुण्याला जातो.

म्हणून काम सोपवताना मी फाइल छापून देतो आणि प्रत्येक ओळीशेजारी पेनाने मराठीत अर्थ लिहितो. लहान शेडची फाइल दोन पानांत बसते. राउटरचा पत्ता, कार्डाची प्रत कुठे ठेवली आहे, यूपीएसची बॅटरी कधी बदलली, हे मागच्या बाजूला. आणि पहिल्याच पानावर एक ओळ मी लाल शाईने अधोरेखित करतो: कोणत्याही फोनवरून ११२ फिरवला, तर बाकीचे सगळे नियम बाजूला ठेवून पहिली मोकळी बाहेरची लाइन द्यायची. लाइन मोकळी नसेल तर चालू असलेले एक बोलणे तोडायचे. ही ओळ लिहिल्यावर ती प्रत्यक्ष फोन न जोडता तपासून पाहण्याची सोय करायला मला साधारण अर्धा दिवस लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कशाचे, असे बहुतेक मालक विचारतात.